पुरुषोत्तमरावांची सोनेरी पोथी

मनीषाताईंच्या साठीला साडी नाही, लंडनच्या अख्ख्या हॅरोतल्या मराठी मंडळींनी तोंडात बोटं घालावीत असं काहीतरी द्यायचं, हे पुरुषोत्तमरावांनी रिटायर झाल्या झाल्या ठरवलं. त्याच वर्षी, २००६ च्या सप्टेंबरात, मध्ययुगातली प्रार्थनेची पुस्तकं कशी बनवत ते शिकवणारा एक इव्हनिंग क्लास त्यांना सापडला. बायकोला पत्ता लागू न देता स्वारीने तिची सकाळची स्तोत्रं लिहायला घेतली.

ओळी आखायच्या, पिसाच्या लेखणीने लिहायचं, पहिल्या अक्षरावर लेप द्यायचा. तो वाळला की त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि ओल आहे तोवर सोन्याचा वर्ख बसवायचा. रावांचा पहिला वर्ख शिंकेसरशी शेजारच्या बाईंच्या केसांत जाऊन बसला. तरी गडी हटला नाही.

मे महिन्यात शेवटचं पान लिहिताना त्यांना त्यावर बारीक ठिपके दिसले. घासून जाईनात.

"केसांची मुळं आहेत ती," शिकवणाऱ्या जोनबाई कौतुकाने म्हणाल्या. "फार छान वासरू होतं."

रावांच्या पायाखालची जमीन सरकली. साहित्याची ओळख करून दिली त्या पहिल्या तासाला ते तापाने आडवे होते. तयार पानांना ते जाड कागदच समजत आले होते; ती निघाली वासराच्या कातड्याची. मग बाकीचंही कळलं: रंगात अंड्याचं पांढरं, लेपात माशाचा सरस. आणि घरची बाई पक्की शाकाहारी, हाडांच्या जिलेटिनच्या धास्तीने सुपरमार्केटात प्रत्येक पाकीट भिंग लावून वाचणारी!

वाढदिवसाच्या सकाळी पोथी पाहून मनीषाताईंनी हरखून हात पुढे केला.

"थांब, आधी ऐक," म्हणत रावांनी सगळं सांगून टाकलं. वासरू, अंडं, मासा.

मनीषाताईंनी हात मागे घेतला. लांबूनच एकेक सोनेरी अक्षर बघितलं.

"अहो, पूजेला बसल्यावर मी हिला शिवणार नाही."

रावांचा चेहरा पडला. आठ महिने पाण्यात गेले होते.

"पण तुम्हाला कुठे सोवळं असतं? तुम्ही धरा. तुम्ही म्हणा, मी ऐकते."

"आज?"

"रोज. सकाळी साडेसहाला. छत्तीस वर्षं एकटीच म्हणतेय मी."

हे तिने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. रावांना आनंद मावेना.

"आलोच आंघोळ करून," म्हणत ते जिन्याने वर पळाले.