डुलक्याला कुणी विचारलं?

"ताई, डुलक्याला हे काम करायचंय का, हे कुणी त्याला विचारलंय?"

विचारलं एकदाचं! तेही माइकवर, वाचनालयाच्या भरलेल्या हॉलमध्ये. मागच्या रांगेत चष्मिस आणि टकळी, माझ्या दोघी जिवलग मैत्रिणी, एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच: हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा, नाहीतर सोमवारी वर्गात भुंकून दाखवायचं. मागच्या वर्षीची मी असते तर विचारलंही नसतं आणि भुंकलेही नसते, सरळ आजारी पडले असते. हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज बाकाखाली पडायचा. पण डुलक्या घरी आला. त्याला घेऊन बाजारात, बँकेत, दवाखान्यात जायचं आणि दिसेल त्याला "प्लीज हात लावू नका, तो शिकतोय" असं सांगायचं. सांगून सांगून माझं तोंड असं सुटलं, की आता गप्प बस म्हणून घरचे हात जोडतात.

डुलक्या म्हणजे होऊ घातलेला मदतनीस कुत्रा, आजारी-अपंग माणसांना पडलेल्या वस्तू उचलून देणारा. भाषण सुरू झालं की डुलक्या काढतो, म्हणून हे नाव. पिल्लू असताना अशा कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राने त्याला आमच्याकडे वाढवायला दिलं. वाढवायचं, माणसांत फिरवायचं आणि मोठा झाला की परत द्यायचं. मग तो गरज असलेल्या माणसाकडे जातो. डुलक्याचं माणूसही जवळजवळ ठरलं होतं: घड्याळं दुरुस्त करणारे एक काका. ते चाकांच्या खुर्चीत असतात आणि हातातून बारीक स्क्रूड्रायव्हर सारखे पडतात. आणि डुलक्या नापास झाला तर? तर तो आमचाच, कायमचा. हा विचार रोज मनात यायचा आणि रोज मी स्वतःलाच दटावायचे.

शिट्टीताई हसतील असं मला वाटलं होतं. त्या केंद्राच्या ट्रेनर, आज या कुत्र्यांची माहिती सांगायला आलेल्या. गळ्यात कायम शिट्टी, पण ती वाजलेली कुणी ऐकलेली नाही. त्या हसल्या नाहीत.

"रोज विचारतो," त्या म्हणाल्या. "कामाचं जॅकेट आपण त्याच्या अंगावर चढवत नाही. जॅकेटचा गळा उघडा धरायचा आणि थांबायचं. त्याने आपणहून डोकं घातलं तर हो. नाही घातलं तर त्या दिवशी सुट्टी. पुन्हा पुन्हा नाही घातलं, तर त्याला हे काम नकोय. मग घरी. तू तर रोज करतेस की हे!"

"हो हो, रोज!" मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. डुलक्याने जांभई दिली.

आणि मी माइक घाईघाईने परत दिला. कारण मी जॅकेट धरते तेव्हा गळ्याच्या पलीकडे, माझ्या दुसऱ्या हातात, बिस्किट असतं.

कार्यक्रम संपल्यावर घड्याळवाले काका खुर्चीची चाकं फिरवत आले. "झकास प्रश्न काढलास गं. माझ्याकडे काय, दुकानात बसायचं, डोंगर नाही खणायचा. पण त्याला नको असेल तर मला जबरदस्ती नको. खरं काय ते तू मला सांग, हं?"

बोलता बोलता त्यांचा हातमोजा खाली पडला. डुलक्याचं जॅकेट मी नुकतंच काढलं होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी तो उठला, मोजा उचलला आणि काकांच्या मांडीवर ठेवला. वर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!

म्हणजे त्याला काम करायचंय? की फक्त मोजे आवडतात? घरचे मोजे तर तो सोफ्याखाली नेऊन ठेवतो.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी बॉम्ब टाकला. "तुम्ही दोघं त्याला जॅकेट कसं घालता?"

"मी काही करत नाही," आई म्हणाली. "माझ्यासमोर तो आपणहून डोकं घालतो. माझ्यावर जीवच आहे त्याचा."

"हातात काय असतं तुझ्या?"

"काही नाही. म्हणजे... तो पिवळा चेंडू."

बाबा हसायला लागले. मग अचानक थांबले. "मी चीजचा तुकडा धरतो," ते हळूच म्हणाले. "एवढुस्साच."

"अहो! डॉक्टरांनी त्याचं वजन कमी करायला सांगितलंय!"

"पण खाऊ दाखवा असं शिट्टीताईच म्हणाल्या होत्या ना?"

"सुरुवातीला म्हणाल्या होत्या," मी म्हणाले. "नंतर बंद करा असंही म्हणाल्या असणार."

तिघंही टेबलाखाली बघायला लागलो. डुलक्या घोरत होता.

जेवणं झाल्यावर मी जॅकेट आणलं. हात रिकामे. गळा उघडा धरून थांबले. डुलक्या आला, त्याने गळा हुंगला, माझा हात हुंगला आणि मागे सरकून बसला.

आणि मला इतका आनंद झाला! आतून उडीच मारली मी. तो आमचा, आमचा, आमचा! पुढच्याच क्षणी कानशिलं तापली. जॅकेट मी जरा उंच धरलं होतं का? पुन्हा धरलं, खाली. त्याने अर्धं डोकं घातलं, थांबला, बाहेर काढलं, शेपटी हलवली. हे काय? हो? नाही? की बिस्किट कुठंय?

"नाहीच म्हणतोय तो," बाबा लगेच म्हणाले.

"अर्धं घातलं की," आई म्हणाली, पण तिचेही डोळे चमकत होते.

"तू जरा सैल धर ना," ती मला म्हणाली.

"नको, असंच राहू दे. बघू काय करतो," बाबा म्हणाले.

आम्ही तिघं त्याच्याभोवती उकिडवे बसलो होतो आणि तो आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता. आम्हाला काय हवंय तेच शोधत असणार बिचारा. तेच करायला तर आम्ही त्याला शिकवलंय! मग त्याला काय हवंय ते आम्हाला कळणार कसं? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. काकांना मी 'नाही' सांगितलं, तर ते त्याचं 'नाही' की माझं? 'हो' सांगितलं, तर ते त्याचं की बिस्किटाचं?

जॅकेटची घडी घालून मी उभी राहिले. "माझं ठरलंय," मी म्हणाले. माइक नव्हता, पण आवाज तोच. "उद्या मी शिट्टीताईंना सगळं सांगणार. बिस्किट, चेंडू, चीज, सगळं. काकांनाही मीच सांगणार की अजून कुणी नीट विचारलेलंच नाही. आणि यापुढे त्याच्यासमोर जॅकेट धरायचं ते आपण तिघांनी नाही. ज्याला तो हवाही नाही आणि नकोही नाही, असं माणूस ताई शोधतील."

"आणि तो 'हो' म्हणाला तर?" आईने विचारलं.

"तर जाईल," मी म्हणाले. आवाज पुन्हा बाकाखाली पडणार होता, पण मी धरून ठेवला. "त्याला विचारतील तेव्हा मी दाराबाहेर उभी राहणार. आणि बाबा, तुम्हीसुद्धा. तुमच्या खिशाला चीजचा वास येतो."