फळीबाहेरची पुस्तके

लिथुआनियन, लाटवियन अशा बाल्टिक भाषांचा संग्रह आमच्या जर्मन विद्यापीठात बंदरालगतच्या एका जुन्या व्यापारी घराच्या दुसऱ्या मजल्यावर होता, आणि त्या मजल्याचा ग्रंथपाल मी होतो. पहिल्या मजल्यावरील इजिप्तविद्या आणि तिसऱ्या मजल्यावरील संगीतशास्त्र यांचे ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, त्यामुळे तेही मजले माझ्याकडेच आले. माझा निम्मा दिवस जिना चढण्या-उतरण्यात जाई आणि उरलेल्या निम्म्यात मी लोकांना येथे लिफ्ट नाही असे सांगत असे.

त्या वर्षी विद्यापीठाने ते घर विकले. नव्या मध्यवर्ती इमारतीत बाल्टिक संग्रहाच्या वाट्याला चार कपाटे आली. चार कपाटांत न मावणारे सारे, म्हणजे जवळजवळ सारेच, गावाबाहेरच्या जुन्या बराकीतील भांडारात जाणार होते. तेथून मागवलेले पुस्तक तीन दिवसांनी येते आणि एका वाचकाला एका वेळी पाचच मिळतात. चार कपाटांत कोणती पुस्तके जावीत हे मोजणीने ठरायचे होते: सहा आठवडे, रोज संध्याकाळी कक्ष बंद करताना, टेबलावर, खिडकीत वा ढकलगाडीवर जे पुस्तक फळीबाहेर आढळेल त्याची नोंद करायची, ज्यांच्या नोंदी अधिक, ती पुस्तके जवळ राहतील.

नियम वाईट नव्हता. वाईट नियम मी पुष्कळ पाहिले आहेत. हा केवळ आमच्या मजल्याला लागू पडत नव्हता, कारण तेथे रोज येणारा वाचक एकच होता, आणि हातातले प्रत्येक पुस्तक जागच्या जागी ठेवल्याशिवाय घरी जाणे त्या बाईंच्या स्वभावात नव्हते.

डॉक्टर इर्मट्राउड काल्वाइट निवृत्तीनंतरही सकाळी कक्ष उघडताच येत. त्यांचा लिथुआनियन भाषेचा व्युत्पत्तिकोश चालू होता. माझी नेमणूक झाली तेव्हाही तो चालूच होता, आणि आता तो 'आर' या अक्षरापर्यंत आला होता. एका शब्दासाठी त्यांना बोलीकोश, जुनी नियतकालिके आणि एकमेकांचे खंडन करणारे पंडित अशी तीस-तीस पुस्तके लांब टेबलावर उघडी लागत. पाच-पाच पुस्तके मागवून हे काम होण्यासारखे नव्हते. त्यांची पुस्तके बराकीत गेली तर कोश तेथेच थांबणार, हे मला दिसत होते. पहिल्या आठवड्याची माझी मोजणी शून्य आली.

"फ्राउ डॉक्टर, आज पुस्तकं टेबलावरच राहू द्या," मी म्हणालो.

"का? पाहुणे येणारेत?"

"मोजायचीत."

"फळीवर मोजता येत नाहीत? इतकी वर्षं मोजताय की."

"फळीवरच्या पुस्तकाला वाचक नाही, असं धरायचंय."

त्यांनी थर्मासमधला खडीसाखर घातलेला काळा चहा ओतून घेतला आणि कपाशी बोलावे तसे त्या बोलल्या. "हेर ओस्टरलो, पुस्तक फळीवर आहे याचा अर्थ ते कुणीतरी नीट परत ठेवलंय, एवढाच होतो. ज्यांना हे कळत नाही त्यांनी ग्रंथालय कशाला चालवावं? बटाटे विकावेत."

"बटाटेवालासुद्धा संध्याकाळी उरलेले मोजतो."

"तो उरलेले मोजतो. तुम्ही सांडलेले मोजताय."

मग मी स्थलांतराच्या प्रमुख फ्राउ ब्रिंकशुल्टे यांना फोन केला आणि आमच्या मजल्याची मोजणी दुपारी व्हावी असे सुचवले.

"तुमचं अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आमच्या कचेरीत या वाक्याचा अर्थ काही होणार नाही असा असतो. "पण सगळ्यांना वेळ एकच. तुमच्यासाठी दुपार केली तर कायदा विभागवाले म्हणतील, आमच्यासाठी पहाट करा. तिथं पुस्तकांवर डोकं टेकून पहाटेपर्यंत झोपलेली माणसंसुद्धा मोजावी लागतील."

मी पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेलो. संपूर्ण आठवडा आम्ही वाद घातला. शिस्त हे वापराचे चिन्ह आहे की अभावाचे, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू इतक्या वेळा मांडून झाल्या की कोणती माझी याचा मलाच विसर पडू लागला. अखेरीस त्यांनी चष्मा काढला.

"बरं. पसारा हवाय ना तुम्हाला? मिळेल."

त्या संध्याकाळी लांब टेबल पुस्तकांनी भरलेले होते. एक काम तरी मार्गी लागले, या समाधानाने मी नोंदयंत्र घेऊन बसलो आणि पाचव्या-सहाव्या पुस्तकाशी थांबलो. ती त्यांची पुस्तके नव्हती. प्रारंभिक व्याकरणे, लाटवियन शाळांतील वाचनमाला, समोरासमोर भाषांतर छापलेल्या परीकथा, लोकगीतांचे सोपे संग्रह. वर्षानुवर्षे कोणी न हलवलेली ही पुस्तके टेबलावर पसरली होती. दिवसभर त्यांच्या हाताखाली असलेले बोलीकोश आणि नियतकालिकांचे खंड मात्र फळ्यांवर एका रेषेत परतले होते.

दुसऱ्या दिवशीही तेच घडले. तिसऱ्या दिवशी मी विषय काढला.

"तुम्ही चुकीची पुस्तकं बाहेर ठेवताय."

"मोजायला जड जातात का?"

"वापरलेली ठेवायची असतात."

"कागद दाखवा."

परिपत्रक माझ्या खिशातच होते. मुद्रिते तपासावीत तसे प्रत्येक ओळीखालून नख फिरवत त्यांनी ते वाचले. "'फळीबाहेर आढळलेली.' वापरलेली, असं कुठाय?"

"अर्थ उघड आहे."

"उघड अर्थावर मी विसंबले असते तर कोश कधीच संपला असता."

"कपाटं चारच आहेत, फ्राउ डॉक्टर. तुमची पुस्तकं गेली त्यांत, तर कोश होईल. ही गेली तर काय होईल?"

"कुणाला तरी भाषा शिकता येईल."

"कुणाला? कित्येक सत्रांत एक विद्यार्थी आलेला नाही."

"आला असता तर मीच शिकवलं असतं त्याला. जो अजून आलाच नाही, त्याला पुस्तकंच लागतील. पहिल्या दिवशी त्याला कपाटात माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची भांडणं सापडली, तर दुसऱ्या दिवशी तो कायद्याला नाव घालील."

"आणि कोश?"

त्यांनी पेनाला टोपण लावले. "मी एकोणऐंशीची आहे. 'आर'नंतरचं 'एस' केवढं मोठं अक्षर आहे, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होते.

"तीस पुस्तकं समोर असली तरी त्यातून मी बाहेर पडणार नाही. पाच असली तर दारातच थांबेन. फरक तेवढाच. आता घरी जाऊ द्या, पाय सुजलेत."

त्या गेल्यावर मी बोलीकोशाचा पहिला खंड काढून टेबलावर ठेवला. तो फळीबाहेर होता. नियमाप्रमाणे त्याची नोंद करण्यास प्रत्यवाय नव्हता, आणि असेच रोज वीस खंड काढले असते तर ती चार कपाटे त्यांच्याच पुस्तकांनी भरली असती. त्यांच्याच हितासाठी मी त्यांच्या मताविरुद्ध वागलो असे म्हणता आले असते. असे म्हणणारी माणसे मी समित्यांवर पाहिलेली आहेत. त्याच माणसांनी ते घर विकले होते. मी उभ्याउभ्या हा युक्तिवाद बराच वेळ खोडून काढला, पुन्हा मांडला, पुन्हा खोडला. मग खंड परत ठेवला आणि परीकथांची नोंद पुरी केली.

उरलेले आठवडे तसेच गेले. माझ्या आकड्यांवरून फ्राउ ब्रिंकशुल्टे यांनी अहवालात लिहिले की बाल्टिक विभागात नवशिक्या वाचकांची लक्षणीय वर्दळ आढळते. हे वाक्य दुरुस्त करण्यासाठी मी पत्र लिहावयास घेतले आणि लिहिले नाही. मला कंटाळा आला होता. मालमोटारी आल्या, परीकथा चार कपाटांत आणि बोलीकोश बराकीत गेले.

आता डॉक्टर काल्वाइट मध्यवर्ती वाचनकक्षात, बाहेरच्या सायकलतळाकडे तोंड करून बसतात. कोश 'आर'वर संपेल असे त्यांनी प्रकाशकाला कळवले आहे, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी आभाराचे उत्तर पाठवले. काल मी त्यांच्या टेबलापाशी थांबलो.

"पुढची पाच कोणती मागवू?"

त्यांनी तीन नावे सांगितली.

"तीनच?"

"शब्दही फारसे उरले नाहीत. मंगळवारी आणा. सोमवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

मी मागणी नोंदवली. त्यांच्या पाठीमागच्या चार कपाटांपुढे अजून कोणी उभे नव्हते.