घरमालक काळे

ऋतुराज खोटं बोलला ते फोनवर, क्रांती चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभा असताना. वडिलांनी विचारलं, "नवी खोली कुणाच्या घरात घेतली रे?" आणि हा गडी म्हणाला, "काळे म्हणून आहेत, अण्णा. लई चांगली माणसं आहेत." झालं. त्यातलं दुसरं वाक्य तर सोळा आणे खरं होतं. माणसं चांगलीच होती. फक्त काळे नव्हती.

घर होतं गयासचाचा आणि बिल्किसखाला यांचं. जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीतलं, खाली ते दोघं आणि वर ऋतुराज नि त्याची बायको दीपमाला. आधी ही दोघं पुंडलिकनगरात राहायची. तिथं कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा गाडीला किक मारावी लागे. इथं सगळं पायाखाली. दीपमालाची शाळा गल्लीच्या तोंडाशी, भाजी औरंगपुऱ्यात, कापडचोपड गुलमंडीवर, आणि सोबतीला दाराशी बोलणारी माणसं. वर जायचा जिना खालच्या दालानातून होता, त्यामुळे येता-जाता खालाची हाक ठरलेली, "आलास का बेटा? चहा टाकू?" दीपमाला तापानं फणफणली तेव्हा ऋतुराज शेंद्र्याला कंपनीत पाळीवर होता, आणि तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती ती हीच बिल्किसखाला.

मग खोटं का बोलला? तर भीतीनं. अण्णांचं नाव कारभारी. पैठणच्या अलीकडं गाव, घरात माळ, चार माणसांत उठबस. टीव्हीवर शहरातली जरा गडबड दिसली की पारावर बसून दिवसभर तेच दळण. ऋतुराजला वाटलं, कशाला डोक्याला ताप? ते काय रोज इथं येणार आहेत थोडेच? मराठी माणसाची ही एक खोड आहे बघा, वादाला भिऊन खोटं बोलायचं आणि त्याला समजूतदारपणा म्हणायचं.

अण्णा नाही आले, पण आईच्या, वच्छलाबाईच्या, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डोळ्यांचा दवाखाना खोलीपासून चालत जाण्याइतका. गावात कापसाची वेचणी ऐन भरात, म्हणून अण्णांनी तिला एसटीत बसवलं आणि म्हणाले, "डोळा नीट होईस्तवर राहा तिथंच. काळ्यांना नमस्कार सांग."

"आता?" दीपमालानं विचारलं.

"आता काय, खालाला सांगून बघू."

"तुम्हीच सांगा. माझी जीभ नाही रेटायची."

सांगितलं त्यानंच. दालानात, मान खाली घालून, इकडचं तिकडचं बोलत. आई जुन्या वळणाची आहे, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. शेवटी ते नाव बाहेर पडलं. "तुमचं नाव सुलेखा काळे, असं... आईला वाटतंय."

बिल्किसखालाला आधी हसू आलं. ती खेड्यात वाढलेली, मराठी तिची दीपमालापेक्षा ठसठशीत, डोक्यावर पदर, अंगावर नऊवारी नाही पण सुती पाचवारी. कळायचं काहीच कारण नव्हतं. "सुलेखा?" ती म्हणाली. "चांगलं हाय की. आमच्या गावच्या पाटलाची सून होती सुलेखा."

गयासचाचा शिलाई मशीन दुरुस्त करणारे. एक मशीन उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "होर मेरा नाम क्या रखे बेटा?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काही नाही, चाचा. तुम्ही नुसते काळे."

"अच्छा," चाचा म्हणाले आणि पेचकस फिरवत राहिले.

ऋतुराजनं सुटकेचा श्वास टाकला. लाज वाटायची सुरुवात व्हायला हवी होती ती इथं. पण लाजेचं असं असतं की ती सवडीनं येते आणि आली की मुक्कामालाच येते.

वच्छलाबाई आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं धूसर दिसायचं. दाराच्या चौकटीवर अरबी अक्षरं कोरलेली फरशी होती, ती झाकायला तिच्यावर ऋतुराजनं गुलमंडीवरनं आणलेलं झेंडूचं लांबलचक तोरण बांधलं. खाला बघत होती. खिळा ढिला होता म्हणून तिनंच चाचांची हातोडी आणून दिली. आणि मग त्या दोघांनी न सांगता आणखी काय काय केलं, ते ऋतुराजला हळूहळू कळत गेलं. खाला पहाटे मोठ्यानं कुराण वाचायची, तो आवाज बंद झाला. खालच्या चुलीवर मटण शिजेनासं झालं. चाचांना शुक्रवारी मटणाचा नान-कलिया लागायचा म्हणजे लागायचाच. ते त्या शुक्रवारी बाहेर खाऊन आले आणि नळावर तीन-तीनदा तोंड धुवत राहिले, वास नको म्हणून. आपल्याच घरात माणसं चोरासारखी वावरू लागली होती, आणि चोर तर वर राहत होता.

वच्छलाबाईला मात्र खाली करमायला लागलं. दुपारी जिना धरून धरून उतरायची आणि दालानात बसायची. "सुलेखाबाई, येऊ का ओ?" "या की, तुमचंच घर हाय." दोघी तांदूळ निवडत. म्हणजे निवडायची खाला आणि बोलायची वच्छलाबाई. भुईमुगाच्या शेंगा, सुनांची तऱ्हा, दोघींच्या गावांच्या जत्रा. वर येऊन ती लेकाला सांगे, "अशी मालकीण नशिबानं मिळती रे. सख्ख्या बहिणीगत हाय." ऋतुराज हूं म्हणे आणि मोबाइलमध्ये डोकं घाली. दीपमाला त्याच्याकडे अशी बघायची की त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

एका दुपारी तो पहिल्या पाळीवरून परतला. आई वर झोपली होती. दालानात चाचा जेवायला बसले होते, खाला आतल्या खोलीत होती, आणि ऐकायला तिसरं कुणीसुद्धा नव्हतं. ऋतुराज दाराबाहेर चप्पल काढत होता, त्यानं ऐकलं.

"सुलेखा," चाचांनी हाक मारली, "जरा पानी लाना."

आणि खाला "लाई" म्हणून पाणी घेऊन आली. दोघंही हसली नाहीत. थट्टाही नव्हती ती. चुकून तोंडातून खरं नाव जाऊ नये म्हणून म्हातारा सवय करून घेत होता, एवढंच. जन्मभर जिला बिल्किस म्हणून हाक मारली तिला तो तिच्याच घरात, तिच्याच चुलीपुढं परक्या नावानं बोलावत होता, आणि ते का, तर वरच्या भाडेकरूला बापाची भीती वाटते म्हणून! ऋतुराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आत गेलाच नाही. चप्पल पुन्हा पायात घालून सिटी चौकापर्यंत चालत गेला, रसवंतीवर रस मागवला आणि तो तसाच टाकून उठला. जनाची नाही तर मनाची म्हणतात ना, ती त्याच्या मानेवर बसली होती. आजच सांगून टाकू आईला, असं त्यानं मनाशी ठरवलं. घरी आला. आई म्हणाली, "लई दमलेला दिसतो." तो म्हणाला, "हो, लई काम होतं." आणि सांगायचं राहिलं.

पट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी अण्णा गावातल्या एका जीपमधून न्यायला येणार होते. जीप गल्लीत शिरायची नाही, म्हणून पैठण गेटला थांबणार. निघायच्या आधी वच्छलाबाईनं दीपमालाला बाजारात पिटाळलं आणि खण, नारळ, तांदूळ मागवले. "सुलेखाबाईची ओटी भरते. एवढं केलं तिनं माझं."

दीपमालानं नवऱ्याला जिन्यात गाठलं. "आता तरी बोला. अजून वेळ गेलेली नाही."

"ओटीच तर आहे. घेतील खाला. दहा मिनिटांत आई निघेल."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

वाटत होतं. वाटतच तर होतं. पण वाटणं आणि बोलणं ह्यांच्यात जो उंबरा असतो तो त्याला ओलांडता येईना.

दालानात पाट मांडला. बिल्किसखाला बसली, पदर पुढं केला. ओटीचं तिला काही नवं नव्हतं, गावात मैत्रिणींच्या घरी तिनं कितीदा घेतली होती. चाचा कोपऱ्यात आपल्या मशीनपाशी होते. वच्छलाबाईनं ओंजळीनं तांदूळ घातले, वर खण ठेवला, नारळ ठेवला आणि एकदम तिला उमाळा आला.

"आता नाव घ्या, सुलेखाबाई. अशी सुटका नाय. थांबा, मी आधी घेते." आणि लाजत लाजत तिनं घेतलं, "कापूस आला घरी, बोंडं लई भारी, कुकवाचे धनी माझे, नाव त्यांचं कारभारी! हां, आता तुमच्या मालकांचं घ्या."

खालाचं नाव ऋतुराजनं रचलं, आडनाव रचलं, पण माणसाला स्वतःचं नाव असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. काळे म्हणजे कोण काळे?

खालानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. तो बोलतो का, याची तिनं वाट बघितली, चांगली वाट बघितली. ऋतुराज जमिनीकडे बघत राहिला.

"माझं नाव तुमच्या लेकानं बदललं, वच्छलाबाई," खाला म्हणाली. "मी म्हणलं, असू दे, पोरगं हाय, घाबरलंय. पर ह्यांचं नाव मी बदलणार नाय." मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं, "जुन्या बाजारात घर माझं, दारात उजास, साऱ्या जन्माचे सोबती माझे मियाँ गयास."

कोपऱ्यात चाचांच्या हातातला पेचकस थांबला.

वच्छलाबाईनं बघितलं. नव्या डोळ्यानं खालाकडं, चाचांकडं, मग लेकाकडं. "मंग तुमचं नाव काय बाई?"

"बिल्किस."

"बिल्किस," तिनं म्हणून बघितलं. हातातला कुंकवाचा करंडा पुढं केला, मग थांबली. "हे चालंल का तुम्हाला?"

"ओटी घेतली की. कुंकू राहू द्या."

"बरं." तिनं करंडा मिटला. मग लेकाकडं वळली. "कुणाला भिऊन केलं हे? मला?"

"आई, अण्णा... आणि तूपण... म्हटलं, तू काहीतरी बोलशील."

"बोललेच असते! चार शब्द बोलले असते, रुसले असते, मंग बसले असते गप. तेवढं तरी करू द्यायचं मला. आता काय करू? ह्या माउलीच्या घरात बसून, तिच्या हातचा चहा पिऊन मी तिला रोज भलत्याच नावानं हाका मारल्या. ती 'ओ' देत राहिली. हे कसं निस्तरू, सांग." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपमाला घाईनं म्हणाली, "आई, डोळा नका चोळू."

"जाने दो भाभी," गयासचाचा म्हणाले. "बच्चा है."

"कशाचं बच्चा, बाप व्हायचं वय झालं त्याचं." तिनं पदरानं गाल पुसला. "ऐक रं. अण्णांना मी सांगणार नाय. तू सांगायचं. आज, जीपपाशी, तुझ्या तोंडानं. ह्यांचं नाव घेऊन. आत्ता ह्यांच्यासमोर तसं कबूल कर."

"सांगतो," ऋतुराज म्हणाला. खालाच्या पायांना हात लावायला तो वाकला, तर तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं. त्या क्षणी त्याला खरोखर वाटलं की आपण सांगणार. अगदी आतून वाटलं.

गुलमंडीवरून आई आणि तो चालत निघाले. आईची पिशवी त्याच्या हातात. वाटभर तो वाक्य जुळवत होता. अण्णा, एक सांगायचं होतं. अण्णा, घर काळ्यांचं नाही. पैठण गेटला जीप उभी होती. आत गावातली चार ओळखीची माणसं, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अण्णा पान खात खाली उतरलेले. बायकोचा डोळा बघून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "माझी बोटं किती?" जीपमधली माणसं हसली.

"आन तुमचे काळे?" अण्णांनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. "बरे हायेत ना? लई केलं म्हणं त्यांनी."

वच्छलाबाई लेकाकडं बघत होती. आता तिला चांगलं स्वच्छ दिसत होतं.

"बरे हायेत," ऋतुराज म्हणाला.

आईनं त्याच्या हातातून पिशवी घेतली. ती जीपमध्ये चढली आणि पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन बसली, आणि जीप सुटली तरी तिनं इकडं मान वळवली नाही.

तो सरळ घरी गेला नाही. औरंगपुऱ्यातून, निराला बाजारातून उगीच फिरला. पण त्या वस्तीत माणूस किती फिरणार? सगळं हाकेच्या अंतरावर, कुठूनही निघा, घर येतंच. दालानात दिवा लागला होता. खाला वाट बघत दाराशी बसलेली.

"सांगितलंस का अण्णांना?"

ऋतुराजनं चप्पल काढली. ती भिंतीशी नीट लावली.

"हो," तो म्हणाला.

खालाचा चेहरा एवढा फुलला की त्याला तिकडं बघवेना. "मी म्हणतच होते ह्यांना, पोरगं मनाचं चांगलं हाय. रागावले नाय ना ते? मग आता पुढच्या बारीला त्यांना घेऊनच ये बाबा. वर नको, इथं खाली, आमच्यात जेवतील. मी साधं वरण-भातच करते. बोलावशील ना?"

"बोलावतो," ऋतुराज म्हणाला आणि जिना चढू लागला.