पायडलखालचा तळहात

शिवणकामाच्या कारखान्यात पायाला मुंग्या येणं ही काय कुणाला सांगायची गोष्ट? दिवसभर पायडल मारणाऱ्या बाईला मुंग्या नाही येणार तर मोरपिसं फिरल्यासारखं वाटणार? म्हणून दोन्ही पायांना मुंग्या आल्या तेव्हा शिंपिणीने पाय आपटले आणि शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी पाय पायडलवरून घसरायला लागले, तर या बयेने काय करावं? चिंधीने ते पायडलला बांधून टाकले! कोपऱ्यावरच्या डॉक्टरने शक्तीचं औषध लिहून दिलं. बायकांच्या दुखण्यावर त्याच्याकडे हे एकच छापील उत्तर. तिच्या गुडघ्याला हात लावायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी तिला खुर्चीतून उठताच येईना. नणंदेने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय ढिम्म.

"मागे काही आजारपण?"

"दोन आठवड्यांपूर्वी जुलाब. थांबले की ते."

"जुलाब थांबले. पण जंतूंशी लढायला शरीराने उभी केलेली फौज थांबली नाही. नसांचं आवरण तिला जंतूसारखंच दिसतंय, म्हणून तेच कुरतडतेय."

"म्हणजे शिवण उसवता उसवता कापडच फाडलं म्हणा की."

"फाटलेलं भरून येतं. वेळ लागतो. फक्त हा लुळेपणा छातीपर्यंत चढता कामा नये, नाहीतर श्वास अडेल."

सलाईनमधून औषध सुरू झालं. छातीपर्यंत काही चढलं नाही. पण पाय लाकडाचेच राहिले.

नणंद रोज तिच्या पावलाखाली तळहात धरायची. "हं, मार पायडल."

"वन्सं, पुरे. आता कसली मी शिवतेय!"

"गप गं. माझा कोट तुझ्याकडे अर्धा पडलाय. एका बाहीचा घालून हिंडू?"

सोळाव्या दिवशी सकाळी नणंद एका हाताने बिस्किट खात खिडकीबाहेर बघत होती. दुसरा हात सवयीने पावलाखाली. आणि तो तळहात दाबला गेला. कमजोर, तिरपा, पण दाबला गेला.

"वहिनी?"

पुन्हा दाबला गेला.

"अगं हळू, सुई मोडशील!" ठसका लागून नणंदेच्या तोंडातलं बिस्किट बाहेर पडलं.

शिंपीण रडत होती की हसत, तिचं तिलाच कळेना. "पहिली लाथ त्या शक्तीच्या औषधवाल्याला घालणार, वन्सं."

"आधी माझी बाही," नणंद म्हणाली आणि दुसऱ्या पावलाखाली दुसरा तळहात धरला.