दारातली सोंगटी

"टाका की फासे. का पाऊस येईस्तोवर खुळखुळवत बसणार?" गंगम्मा म्हणाली आणि खोकत राहिली.

ओट्यावर पट पसरला होता आणि पटाशेजारी तिचं गाठोडं. लातूरची जीप दहाला येणार होती. यांचा मुलगा सिद्धेश्वर तिथे नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई लागला होता. त्याच्या खोलीत नळ, गल्लीत डॉक्टर. आईला पाठवा, म्हणत होता. तिच्या नवऱ्याला, मलप्पाला, दुष्काळातल्या चारा छावणीतले बैल सोडून हलता येत नव्हतं, आणि गंगम्मा त्याला सोडून जायला तयार नव्हती. आठ दिवस भांडून शेवटी दोघांनी पट काढला. ती जिंकली तर राहणार, तो जिंकला तर ती जाणार. पंच म्हणून मला, शेजारच्या शेषेरावाला, बसवलेलं.

आमच्याकडचा नियम असा, की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली घरात न्यायची नाही. मलप्पा नियमापुरती एक मारायचा, तीही "शिव शिव" म्हणून, आणि मग खाली मान घालून चारी घरी न्यायचा. गंगम्माचं उलटं. मारायला मिळालं की तिला स्वतःच्या घराची शुद्ध राहायची नाही. त्यामुळे डाव गाजवायची ती आणि जिंकायचा हा. संसारातही तेच, गाव तिला भ्यायचं आणि ऐकायचं याचं.

त्या दिवशी मात्र बाईने नवऱ्याचीच चाल उचलली. एक मारली आणि सरळ घराकडे. तीन आत गेल्या, चौथी दारात.

"वहिनी, आज लई गरीब झालात," मी म्हणालो.

"गप बसा, भावजी. ऱ्हायचं हाय मला हितं."

मलप्पाच्या दोनच आत होत्या. त्याने फासे टाकले. सात पडले. घराजवळची सोंगटी नेली असती तर ती आत जात होती. मागची उचलली असती तर बरोबर सातव्या घरात गंगम्माची दारातली सोंगटी होती.

त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग मागची सोंगटी उचलली, मोजत नेली आणि तिची सोंगटी पटाबाहेर ठेवली. "शिव शिव" म्हणाला नाही.

"दारात मारलंत?" गंगम्मा म्हणाली.

"हाव."

"चाळीस वर्सांत असं कदी मारलं न्हाई तुमी."

"औशद घे टायमावर," तो पटाकडे बघत म्हणाला.

पुढचा डाव नावापुरताच झाला. हॉर्न वाजला तशी तिने पदराने त्याच्या सोंगट्या पुसून डब्यात भरल्या, स्वतःच्या तशाच ठेवल्या, आणि गाठोडं उचललं.

दिवाळीआधीच निरोप आला. तिची माती लातुरातच झाली. पाऊस पुढच्या वर्षी पडला, तेव्हा छावणीतून बैल मात्र दोन्ही परत आले.

आता दुपारी मी मलप्पासमोर बसतो, गंगम्माच्या सोंगट्या घेऊन. बोटं अजून पक्की आहेत त्याची, दानही चांगलं पडतं. पण माझी सोंगटी टप्प्यात आली, की तो दुसरीच उचलतो.

"मलप्पा, मार की. त्याबिगर घर कसं उघडंल?"

"खेळ तू," म्हणतो.

माझ्या चारी आत जातात. त्याच्या बाहेरच पटावर फिरत राहतात.