राजाच्या खुर्चीचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाची नव्हे, राजाची! करावे गावात जत्रेला देवळापुढे नाटक होतं, त्यातला राजा माझ्यावर बसतो. धनाजी सुताराने मला सागवानातून घडवलं. एरवी मी समाजमंदिराच्या माळ्यावर धूळ खाते आणि झुरळं सांभाळते.

राजाचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे आहे. देवीच्या पालखीला पहिला खांदाही त्या राजाचाच. त्या घरातला धर्मराज पंचवीस वर्षं माझ्यावर बसला. बसण्याआधी उपरण्याने मला पुसायचा. काही वर्षांपूर्वी तो वारला. वारस उरली त्याची बारा वर्षांची जाई. तिचा चुलता किसन नाटकात कपटी काका होतो. त्यासाठी त्याला तालमीची गरज कधीच पडली नाही.

मान आपल्याकडे यावा म्हणून हा गृहस्थ भर दुपारी करवत घेऊन आला. माझा मागचा पाय त्याने अर्ध्याहून जास्त कापला आणि चिरेत मेण भरलं. पोरगी गावासमोर पडली, की देवीला ती नको, असं म्हणायला तो मोकळा! मला दुखलं, पण त्याहून जास्त मी संतापले.

राज्याभिषेकाचा प्रवेश आला. मुकुट घातलेली जाई माझ्याकडे निघाली. तेवढ्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्या वेणूबाई उठल्या.

"थांब गो पोरी! बाप नाय तं पयला चुलता बसतो, मंग उठून पोरीला बसवतो. आपली रीत हाय. बस रं किसन!"

साठ वर्षांत अशी वेळ आली नव्हती. किसन ती रीत विसरला होता. मी नव्हते विसरले.

"नको गो मावशे, कंबर धरलीय माजी."

"गुमान बस!"

तो जेमतेम टेकला. मी जीव खाऊन पाय सोडला. किसन धाडकन उताणा! गाव पोट धरून हसलं. वेणूबाईंनी तुकडा उचलून दिव्याखाली धरला.

"ह्यो मोडला नाय. कापलाय. कोनी कापला रं किसन?"

हसू थांबलं. किसनने मान खाली घातली.

जाईचा राज्याभिषेक प्लॅस्टिकच्या खुर्चीवर झाला. तिने पहिलाच हुकूम सोडला, "काका, पाय तुमीच बसवून द्यायचा. आनि दर जत्रेला खुर्ची तुमीच डोक्यावर आनायची."

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पुसा, त्यांच्यावर करवत चालवू नका. आता किसन मला दरवर्षी माळ्यावरून उतरवतो आणि घामाघूम होऊन देवळापर्यंत नेतो. खरं तर मी एवढी जड नाही. त्याच्या डोक्यावर मात्र मुद्दाम होते.