सारजाबाईचा लाल दोरा

गुरुवारी सकाळी बेगमपुऱ्यातल्या मठासमोर दीड-दोनशे माणसं डावा हात पुढं करून रांगेत उभी असायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, देवीची लस टोचणारे आले आहेत.

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. औरंगाबादेतून निजामाचा अंमल गेला होता आणि पीतांबर महाराज आले होते. ते नाशिकचे, असं इथले लोक सांगत. नाशिककडचा एकजण आला होता, त्याला ते इथलेच वाटत होते.

महाराजांचा चमत्कार मनगटावर मावणारा होता. ते कापराच्या वासाचा पिवळा दोरा बांधत. चाळीस दिवस रोज सूर्योदयाला एक माळ ओढायची. मन स्वच्छ असलं तर दोरा पिवळा राहतो. मनात मळ असला तर लाल होतो.

"नेम म्हणजे काय, बेटा?" महाराज विचारत. उत्तराची वाट पाहायची त्यांना सवय नव्हती. "नेम म्हणजे तिजोरी. रोज एक माळ टाकायची. चाळिसाव्या दिवशी उघडायची. जे मागशील ते आत."

त्या गुरुवारी सारजाबाईचा हात पुढं आला. दोरा विटेसारखा लाल होता. तिसऱ्यांदा.

"मन मैला, तो दोरा मैला," महाराज म्हणाले. त्यांनी तिचा हात तीर्थाच्या भांड्यात बुडवला, आणि लाल दोरा सगळ्यांदेखत पिवळा झाला. बायांनी हात जोडले. "क्षमा मिळाली. आता आठवडाभर सेवा कर. मठातल्या सतरंज्या, पंचे, धोतरं धुऊन टाक."

लाल दोरेवाल्यांना हीच सेवा असे. मठातले पंचे फार स्वच्छ असत.

सारजाबाई मूळची देवगाव रंगारीची. शहरात येऊन चार घरची धुणी करायची. वीस वर्षं तिचा एक नेम होता. पहाटे मूठभर ज्वारी घेऊन बसायचं, एक नाव घ्यायचं, एक दाणा वाटीत टाकायचा. मूठ संपली की दाणे चिमण्यांना. त्यात तिनं कधी काही मागितलं नव्हतं. तिसऱ्यांदा दोरा लाल झाला तेव्हा तिनं तेही बंद केलं. घाण मनानं नाव घेतलं तर नाव विटाळेल, असं तिला वाटलं.

ती धुणं करायची त्या घरांतलं एक दत्तोपंतांचं. दत्तोपंत माझे शेजारी. शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा दोरा सदतीस दिवस सोन्यासारखा पिवळा होता. महाराज त्यांना पुढच्या रांगेत बसवत आणि लोक वाकून जात.

"गुर्जी," सारजाबाईनं त्यांना विचारलं होतं, "माझ्याच मनात का घाण? मी तर कुनाचं वाईट चितलं नाय."

"आत शोध घ्या, सारजाबाई," दत्तोपंत म्हणाले होते. "खोल असते ती."

ती शोधत राहिली. जेवण एक वेळेवर आणलं. मठाचे पंचे धुवायचे, दोरा लाल व्हायचा, मग आणखी पंचे.

पुढं एका लग्नघरचं धुणं तिच्याकडं आलं. हळदीनं माखलेलं नवरदेवाचं धोतर तिनं सोड्याच्या पाण्यात टाकलं आणि ते लाल झालं. हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. त्या पाण्याला हात लावणाऱ्या सगळ्याच बायांनी पाहिलं होतं. पण पदरावरचा डाग लाल झाला की सोडा, आणि मनगटावरचा दोरा लाल झाला की पाप, असा आमचा हिशेब. देवाचा दोरा हळदीच्या कायद्याला बांधील असेल, हे कुणाच्या डोक्यात येईना. त्या दिवशी धोतर आणि दोरा एकाच पाण्यात, एकाच वेळी लाल झाले. तिनं वर लिंबू पिळलं. दोन्ही पिवळे झाले.

ओलं धोतर घेऊन ती थेट दत्तोपंतांच्या ओसरीवर आली. मी तिथंच चहा पीत होतो.

"गुर्जी, ही हळद हाय व्हय?"

दत्तोपंतांनी धोतराकडं पाहिलं. मग कपाकडं.

"तुमच्या साळंत हे शिकवत्यात का नाय?"

"सातवीला," ते हळूच म्हणाले.

"मंजी तुमाला ठावं होतं."

"पहिल्या गुरुवारपासून." त्यांनी कप खाली ठेवला. "लोक पाया पडत होते, सारजाबाई. पंचवीस वर्षांत कुणी पडलं नव्हतं."

तिनं ओलं धोतर खांद्यावर टाकलं. मला वाटलं, रडेल.

"तुमचा दोरा पिवळा कशानं ऱ्हायला, सांगू?" ती म्हणाली. "तुमचं धुणं मी करते म्हनून. त्या बुवाला मी वळखत नव्हते. तुमाला वळखत होते."

पुढच्या गुरुवारी रांगेत तिच्या हातात सोड्याच्या पाण्याची बादली होती. "म्हाराज, लई सेवा केली. आज तुमी एक पंचा धुवा. गुर्जी बी धुतील."

महाराज म्हणाले, आज मौन आहे. हे त्यांनी बरंच मोठ्यानं सांगितलं. दत्तोपंत मात्र उठले, खाली मान घालून बादलीत दोन्ही हात घातले आणि बाहेर काढले. दोरा लाल. मग एकेक पिवळा हात बादलीत जायला लागला: सराफ, वकील, पाटलीणबाई. पाच मिनिटांत बेगमपुऱ्यात एकही पुण्यवान उरला नाही. भांड्यातलं तीर्थ कुणी तरी चाखलं. ते लिंबाचं सरबत होतं, साखर विसरलेलं. महाराज मागच्या दारानं गेले. पंचे राहिले.

दत्तोपंत आता आपलं धुणं आपण धुतात. सारजाबाई त्यांच्याकडं पुन्हा गेली नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. ती म्हणाली, वेळ नाही.

ज्वारीची मूठ तिनं पुन्हा धरली. मी एकदा विचारलं, "काही मागायचं नाही, काही मिळायचं नाही, मग कशासाठी?"

"मिळायचं काय त्यात? दिवसभर दुसऱ्याचं धुते. तेवढा येळ माझा."

वाचकहो, नेम करायचा तर खुशाल करा. फक्त तो करून तुम्ही किती स्वच्छ झालात, हे सांगायला तिसरा माणूस आला, तर आधी विचारा, तुझे पंचे कोण धुतं?